चंद्रावरचं पाणी: टँकर भरेल का?

प्रश्न: चंद्रावर पाणी सापडलं म्हणतात, मग दुर्बिणीतून तळी-ओढे का दिसत नाहीत?

उत्तर: तिथे हवा नाही. उघड्यावरचं पाणी टिकणारच नाही, उकळून उडून जाईल. २४ सप्टेंबर २००९ ला जाहीर झालेला शोध तळ्याचा नव्हताच. मातीच्या कणांना चिकटलेले पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे (म्हणजे एक हायड्रोजन कमी असलेल्या पाण्याचे) रेणू सापडले होते. मातीवरून परतणाऱ्या उन्हात तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कमी भरला, कारण तो या रेणूंनी गिळला होता. प्रमाण म्हणाल तर टनभर मातीमागे फार तर लिटरभर. बांधकामावरची ‘कोरडी’ वाळूसुद्धा याहून ओली असते! पण ‘चंद्रावर पाणी’ असा मथळा दिसला की माणूस मनातल्या मनात विहीर खणतोच.

प्रश्न: शोध इस्रोचा की नासाचा? घरात यावरून जुंपली आहे.

उत्तर: यान इस्रोचं, चंद्रयान-१. त्यावरचं ‘एम-थ्री’ हे, परतणाऱ्या प्रकाशातून खनिजं ओळखणारं उपकरण नासाचं. दोघांनाही एकट्याने जमलं नसतं, तेव्हा भांडण मिटवा. शिवाय १४ नोव्हेंबर २००८ ला चंद्रयानातून सोडून चंद्रावर आदळवलेल्या आपल्या छोट्या कुपीतही वाफेचा माग घेणारं भारतीय उपकरण होतं. आणि शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाने १९९९ मध्येच, जाता जाता, हीच खूण टिपली होती. ती खात्रीने प्रसिद्ध झाली एम-थ्रीच्या निष्कर्षांबरोबर.

मला यातली जुनी गोष्ट जास्त आवडते. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या मातीत ओलाव्याचा अंश सापडला होता. पण चंद्राच्या बारीक, खरखरीत धुळीमुळे डब्यांची झाकणं घट्ट बसली नव्हती. मग ‘पृथ्वीवरची दमट हवा शिरली असणार’ असं म्हणून विषय मिटवला गेला. शंका रास्त होती, पण त्यामुळे ‘चंद्र ठणठणीत कोरडा’ हे मत चाळीसेक वर्षं पक्कं बसलं.

प्रश्न: नासाने चंद्रावर बॉम्ब टाकला होता ना? त्याने चंद्र हलला तर?

उत्तर: बॉम्ब नव्हे, रॉकेटचा रिकामा टप्पा, वजन दोन टनांहून थोडं जास्त. ९ ऑक्टोबर २००९ ला पाणी शोधण्यासाठी तो चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळवला. चंद्राच्या दृष्टीने ही हत्तीवर बसलेली माशीसुद्धा नाही. अमेरिकेत लोक पहाटे उठून दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. धुरळा काही दिसला नाही आणि सगळे हिरमुसले. उपकरणांना मात्र उडालेल्या धुळीत सुमारे १५५ किलो पाणी आढळलं. म्हणजे लग्नाच्या मांडवात ठेवतात तसले वीस लिटरचे जेमतेम आठ जार. त्या विवराच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, तापमान उणे २०० अंशांच्याही खाली, म्हणून तिथे बर्फ टिकतो.

प्रश्न: ज्योतिषात चंद्र जलतत्त्वाचा मानलाय. पूर्वजांना हे ठाऊक होतं का?

उत्तर: नाही. कोजागरीचं दूध मात्र आनंदाने प्या.

प्रश्न: ते पाणी कुणाच्या मालकीचं?

उत्तर: १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. पण खणून काढलेला बर्फ विकता येईल का, यावर वकिलांचं आत्ताच जुंपलंय, बादली खाली उतरायच्या आधीच.