धडा पाठ, दात तसेच

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत आरोग्य-शिक्षणाचा तास घेते. दातांच्या निगेची उत्तरे मुले अचूक लिहितात, पण सवयी बदललेल्या दिसत नाहीत. हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश करणेच सोडल्याचे काहींनी सांगितले. हा विषय कसा शिकवावा?

उत्तर : सुरुवात त्या रक्तापासूनच करावी. घासणे टाळले की हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो, सूज वाढते आणि रक्त अधिकच येते. शिवाय वयात येताना संप्रेरकांतील बदलांमुळे हिरड्या या थरामुळे लवकर सुजतात. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले होते. सुमारे तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. ज्ञान होते, तरी थर साचायचा तो साचलाच.

म्हणून माहितीत भर घालण्यापेक्षा तो थर मुलांना दिसू द्यावा. प्लाक रंगवणारी गोळी चघळून थुंकली की राहिलेला थर रंगीत दिसतो. प्रत्येकाने स्वतःच्या आरशात पाहावे, घासावे, पुन्हा पाहावे. दुसऱ्याचे तोंड पाहण्याची मुभा मात्र नसावी, कारण या वयात एकदा हसे झाले की विद्यार्थी विषयापासूनच दूर जातो. साधारण बाराव्या वर्षी येणाऱ्या मागच्या दाढांवर रंग हमखास उरतो, कारण ब्रश तिथवर पोहोचतच नाही. किडक्या दातांची भयंकर चित्रे मी तरी वापरणार नाही. चाळिशीतल्या दातांची भीती चौदाव्या वर्षी वाटत नाही, तोंडाच्या दुर्गंधीची मात्र वाटते.

साखरेबाबत प्रमाणाइतकेच किती वेळा खाल्ली हेही सांगावे. जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या आम्लामुळे दातावरचा सामू (pH, आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला तो सावरायला अर्धा तास तरी लागू शकतो; गोड पेय दुपारभर घोट घोट घेणाऱ्याच्या दातांना ती उसंत मिळत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटे घासावे आणि नंतर फेस थुंकावा, भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत.

रंगगोळीचा प्रयोग वर्षातून एकदाच करून भागणार नाही. काही आठवड्यांनी तो पुन्हा करावा. रक्त येणाऱ्या विद्यार्थ्यांना मऊ ब्रशने हिरडीच्या कडेलगत हळुवार घासायला सांगावे आणि दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही, तर पालकांना कळवून दंतवैद्याकडे पाठवावे.