वाड्यात राहायला येतोयस तर

सांगलीत गावभागातल्या वाड्यात येतोयस, म्हणजे चित्रकार, नाटकवाले आणि आपण गाणारे सगळे एकाच मोरीवर. मी तिथं नऊ वर्षं काढली. पहिल्या दिवशीच खर्चाची वही घाल. कलावंतांची दोस्ती गॅस सिलिंडरवरून मोडते, रागदारीवरून नाही.

रियाझाची वेळ आधी ठरवून घे. नाटकवाले रात्री दोनला तालमीहून येतात नि दहापर्यंत घोरतात. माझ्या पहाटेच्या खर्जावर, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाझावर, एकानं चप्पल भिरकावली होती. नेम चुकला, तंबोरा वाचला.

तंबोरा मात्र मिरजेतच घे. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेवढ्यावर भुलू नकोस. दुकानात निवांत बस. चारही तारा लावून घे, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा हळूहळू सरकव आणि डोळे मिटून ऐक. आवाज खुलला, भोवती गुंजायला लागला, तर जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, जमली. पुढं ती बिघडली तर कारागिराकडेच जा. मी शहाणपणा करून घोडीला स्वतः कानस लावली. तीन महिने तंबोरा मुका.

आणि खोली वरच्या मजल्यावरचीच माग, भाडं जास्त पडलं तरी. कृष्णा जवळ आहे. २०१९ च्या पुरात आम्ही आधी वाद्यं माळ्यावर चढवली, मग तांदूळ. तंबोऱ्याच्या भोपळ्याला ओल सोसत नाही.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथं रात्रभर बस. सतरंजी घरून ने.