घोडी लंगडली म्हणून

अरे, घोडी लंगडली, ड्रेसाजची (ठरलेल्या चाली नि वळणं घोड्याकडून नेमकी करून घ्यायचा खेळ) परीक्षा हुकली, माळावरची लांब रपेटही गेली, म्हणून एवढं तोंड पाडू नकोस. घोड्यावरून शिकारीला जायचं वेड तर डोक्यातून काढच. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातलं गवत माळढोक पक्ष्याचं, आपल्या टापांचं नाही.

आधी घोडीचा पाय. कडक जमिनीवर कुणाला तरी तिला लगाम हातात धरून दुडकी पळवायला सांग आणि तू समोर उभा राहा. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर उचलली जाते. पहिल्याच खेपेला दिसेल असं नाही, मलाही नव्हतं दिसलं. मग खुरावर हात ठेव. एकच खूर गरम लागला तर बहुधा नालेचा खिळा टोचलाय किंवा आत पू झालाय. नालबंदाला बोलावून नाल काढून घे, पण खूर कोरणं डॉक्टरांवर सोड. वेदनाशामक देऊन पुढच्या परीक्षेला उभी करायचा विचारसुद्धा नको.

तोवर ड्रेसाजचं वीस बाय चाळीस मीटरचं आयताकृती मैदान चुन्याने आख, कडेने खुणेची अक्षरं मांड आणि परीक्षेतला सगळा क्रम स्वतःच्या पायांनी चालून बघ. शेजारी हसतील. वर्तुळं अंड्यासारखी का होतात ते तिथेच कळतं.