रिटर्न पाईप चिकटवायच्या आधी एवढं वाच

अरे खाऱ्या पाण्याच्या फिश टँकला पंप कुठला घेऊ विचारतोयस, ते नंतर बघ, आधी लाईट गेल्यावर पाणी कुठं जाणार ते बघ. रिटर्न पाईप म्हणजे संपमधून (टँकखालची फिल्टरची टाकी) पंपाने पाणी परत वर टँकमधे नेणारा पाईप. त्याचं तोंड टँकमधे पाण्याखाली खोल असेल तर पंप बंद पडला की तोच पाईप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टँकचं पाणी खाली संपमधे येत राहतं. ३ फूट बाय दीड फूट टँकमधे एक इंच पाणी उतरलं म्हणजे साडेदहा लिटर झाले, मग हिशोब कर तुझ्या संपमधे तेवढी जागा आहे का. माझ्याकडे रात्री दोनला हॉलभर खारं पाणी झालं होतं, फर्निचरचे पाय फुगले ते वेगळंच.

उपाय सोपा आहे, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाईपला ६ मिमीचं भोक पाड, पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. पण ते भोक दर आठवड्याला टूथब्रशने साफ करायचं, शेवाळ नाहीतर गोगलगाय बसते तिथे. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) विसंबू नकोस, मिठाने अडकतो तो.

पितळेचं फिटिंग एकही नको, तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, कोरल सगळं जातं. पीव्हीसीच घे आणि पंपाजवळ युनियन (खोलता येणारा जोड) टाक, नाहीतर साफ करायला दरवेळी पाईप कापशील.

कोरलला लागणारा प्रवाह रिटर्नमधून काढायला जाऊ नकोस, त्यासाठी वेव्हमेकर (टँकमधेच पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) वेगळा लाव. आणि मासे सोडायच्या आधी पंप मुद्दाम चारपाच वेळा बंद करून बघच.