एफडीचा तिसरा हप्ता

राजारामपुरी, कोल्हापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 41. घरी फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात, महिन्याला सहा-सात हजार सुटतात. मिस्टर 44 वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरीला, हातात 55 हजार येतात. मुलगी दहावीत. ताईंना नाद आहे जुन्या धाटणीचे कपडे शिवण्याचा: पन्नास-साठच्या दशकातला घेरदार फ्रॉक, फुग्याच्या बाह्या, बोटनेकचा घट्ट ब्लाउज. नणंदेच्या संगीतात स्वतः शिवलेला ठिपक्यांचा फ्रॉक घालून नाचल्या आणि तिथून विचारणा सुरू झाली. आता दीड लाखाची कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायची आहे. प्रश्न असा: "पतसंस्थेतली दीड लाखाची ठेव मोडू, की 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन काढू? बँकेतली एफडी मोडता येत नाही, उलट तिचा तिसरा हप्ता या महिन्यात आहे. त्यासाठी भिशीचे एक लाख येणार आहेत, त्याला हात लावायचा नाही."

ताई, मशीनचं नंतर बोलू. एफडीला तिसरा हप्ता कधीपासून असायला लागला?

तुम्ही पावतीचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. ती एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. 10 वर्षं दरवर्षी एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 22 लाख मिळणार. विमा तुमच्या नावावर, दहा लाखांचा. तुमची दोन लाखांची खरीखुरी एफडी मुदत संपल्यावर रिन्यू करायला तुम्ही बँकेत गेलात आणि "यापेक्षा चांगली स्कीम आहे, दुप्पट गॅरंटीड" असं ऐकून सही करून आलात. त्या दोन लाखांतून पहिला हप्ता गेला, दुसरा गेला, आणि आता ते संपले. म्हणून तिसऱ्याला भिशी. चौथ्याला काय विकणार आहात? अजून आठ हप्ते आहेत, म्हणजे आठ लाख, आणि ते कुठून येणार याबद्दल पत्रात एक ओळ नाही. ज्यांनी ही पॉलिसी विकली त्यांनीही तो प्रश्न विचारला नसणार, कारण त्यांचं कमिशन पहिल्या वर्षीच सर्वांत मोठं असतं.

"दहाचे बावीस" ऐकायला झकास वाटतं. पण तुमचे हप्ते दहा वर्षांत पसरलेले आहेत, म्हणजे सरासरी रुपया साडेपंधरा वर्षं तिथे पडून राहणार आणि सव्वादोनपट होणार. म्हणजे दुप्पट व्हायला जवळजवळ चौदा वर्षं. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. 72 ला चौदाने भागा: पाच-सव्वापाच टक्के. एवढ्यासाठी 20 वर्षं पैसे अडकवायचे, आणि त्याच महिन्यात मशीनसाठी 14 टक्क्यांनी कर्ज काढायचं! सव्वापाच टक्के मिळावेत म्हणून भिशीचे लाख तिकडे द्यायचे आणि इकडे लाखभर 14 टक्क्यांनी उसने घ्यायचे, हा हिशोब गुजरीतल्या कुठल्याही सराफाला सांगून बघा.

"पण दोन लाख भरलेत, आता सोडलं तर बुडतील," असं तुम्ही म्हणणार, बँकेतलेही तेच म्हणणार. म्हणून पुढच्या आठ लाखांचाच हिशोब करू, मागचे दोन गेले असं समजून. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पैसे शेवटी मिळतात. दहापैकी दोन भरले, म्हणजे 22 लाखांचा पाचवा हिस्सा, साधारण 4 लाख 40 हजार, आजपासून 18 वर्षांनी. उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर सध्याच्या 7.1 टक्क्यांनी त्याच 18 वर्षांत त्यांचेच बावीस लाखांच्या आसपास होतात. म्हणजे पॉलिसी जेवढं देणार म्हणते तेवढं त्या आठ लाखांतच निघालं, आणि 4 लाख 40 हजार वर उरले. पीपीएफचा दर तिमाहीगणिक बदलू शकतो हे खरं, पण एप्रिल 2020 पासून तो हललेला नाही. आणि पीपीएफ म्हणजे काही फार धाडसाची गुंतवणूक नव्हे. पोस्टातली बाई खातं उघडून देते.

मग पेड-अप करायची की सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे आजच घ्यायचे? इथे घाई करू नका, बऱ्याच जणांचं नुकसान इथेच होतं. जुन्या नियमांनी दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली की भरलेल्या पैशांच्या 30 टक्के, म्हणजे दोन लाखांतले 60 हजार हातात येत. 1 ऑक्टोबर 2024 पासून विमा नियामकाने हे नियम बदलले, आणि त्यानंतर विकलेल्या पॉलिसींना बरीच जास्त रक्कम मिळायला हवी. फोटोत तुमच्या पॉलिसीची तारीख कापली गेली आहे, म्हणून तुम्हाला एक आकडा देऊन ठेवतो. सात टक्क्यांनी 18 वर्षांत पैसे साधारण 3.4 पट होतात. 4 लाख 40 हजारांना त्याने भागा, आले 1 लाख 30 हजार. कंपनी सरेंडरचे 1 लाख 30 हजार किंवा जास्त देत असेल तर घेऊन मोकळ्या व्हा. 60-70 हजारच देत असेल तर सरेंडर करू नका, पेड-अप करून बाँड कपाटात ठेवा आणि विसरा.

हे दोन्ही आकडे, आजची सरेंडर रक्कम आणि पेड-अप केल्यावर मिळणारी रक्कम, विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा. बँकेतल्या साहेबांकडून तोंडी नको. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मुदत असते, तेवढ्यात हे होतं. तोवर भिशीचे लाख तुमच्या खात्यात राहू द्या, आणि ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, दिलेला असेल तर तो आजच बंद करा.

फसवून विकल्याची तक्रारही करा. पॉलिसी परत करायची फ्री-लूक मुदत कधीच गेली, पण "एफडीसारखंच आहे मॅडम" हा व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे अजून आहे असं तुम्ही लिहिता, तो पुरावा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच या आशेवर मात्र वरचे निर्णय लांबवू नका.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही ते. घर मिस्टरांच्या 55 हजारांवर चालतं आणि विमा काढलाय तुमचा. त्यांच्या नावावर काय आहे? पत्रात "कंपनीचा असेल" एवढंच आहे. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआयचं, म्हणजे पीएफसोबत येणाऱ्या विम्याचं, कवच असतं, जास्तीत जास्त सात लाखांचं. सात लाख म्हणजे त्यांचा वर्षभराचा पगार. मुलगी अजून बारावीलाही पोचलेली नाही. त्यांच्या नावावर 60 व्या वर्षापर्यंतचा, एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. या वयात वर्षाला साधारण 25 हजारांच्या आत-बाहेर पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असतील तर हप्ता चांगलाच चढेल, तरी फॉर्मवर खरंच लिहायचं. फाउंड्रीत भट्टीजवळ काम असेल तर तेही लिहायचं. क्लेम नाकारायला कंपनीला तेवढंच कारण पुरतं.

हां, आता मशीन.

तुमचा अंदाज आहे की महिन्याला 15 फ्रॉक जातील आणि प्रत्येकी अडीच हजार सुटतील, म्हणजे 37,500. गेल्या वर्षात दुसऱ्यांसाठी शिवले किती? सहा, त्यातले चार नात्यातले, मजुरी न घेता. सहावरून वर्षाला 180 वर एम्ब्रॉयडरी मशीनमुळे जाणार? "कोल्हापूर चित्रनगरी आहे, रेट्रोला इथे मागणी राहणारच," असंही तुम्ही लिहिलंय. ताई, 1929 ला इथे सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 ला पुण्याला गेली. तुमची खरी गिऱ्हाइकं म्हणजे संगीत, शाळेच्या गेट-टुगेदरची रेट्रो थीम आणि थर्टी फर्स्टचा नाच. ती तुळशीच्या लग्नानंतर येतात, मेपर्यंत पुरतात आणि चातुर्मासात दिसत नाहीत.

तुम्ही पाठवलेला एका फ्रॉकचा खर्च मी लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या शिंप्याला दाखवला. त्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं: कापड तीन मीटर. कंबर 28 असेल तर पूर्ण गोल घेराच्या आतल्या वर्तुळाची त्रिज्या साडेचार इंच. त्यात 26 इंच लांबी आणि एक इंच दुमड मिळवा, साडेएकतीस. म्हणजे अर्ध्या गोलाला 63 इंच लांब कापड लागतं, आणि 44 च्या पन्ह्यात एका वेळी अर्धाच गोल बसतो. दोन अर्धे मिळून सव्वातीन मीटर, वर कमरेपर्यंतच्या भागाला एक. सव्वाचार झाले. अस्तर आणि आतली कॅनकॅनची जाळी तुम्ही धरलीच नाही. शिवाय घेर तिरप्या कापडाचा, तो एक रात्र टांगून ठेवल्याशिवाय खालची दुमड घालता येत नाही, नाहीतर पहिल्याच नाचाला एका बाजूने लोंबतो. मापं, एक ट्रायल, मागची चेन, हाताची तुरपाई धरून 15 तास. गांधीनगरच्या होलसेल भावाने घेतलं तरी सामान 1,400 चं. गिऱ्हाइकाकडून तुम्ही 3,500 घेता, सुटतात 2,100. तासाला 140 रुपये. अस्तराचा साधा ब्लाउज तुम्ही तीन तासांत शिवता आणि मजुरी 500 घेता, म्हणजे तासाला 165! ज्या कामासाठी दीड लाख घालायचेत, ते आज तुमच्या रोजच्या कामापेक्षा कमी देतं. आणि 15 फ्रॉक म्हणजे महिन्याला 225 तास, फॉल-पिको वेगळं.

या धंद्यात दम नाही असं मी म्हणत नाही. तुमचं कटिंग उत्तम आहे, फोटोत दिसतंय, आणि कंबरेत असा नेमका बसणारा फ्रॉक रेडिमेड मिळत नाही. पण त्या काळच्या कपड्यात सगळं असतं ते कटिंगमध्ये, टक्समध्ये, बाहीच्या चुण्यांत. भरतकाम त्यात क्वचित. एम्ब्रॉयडरी मशीन तुमचे 15 तास 14 सुद्धा करणार नाही. कधी कुणी कॉलरवर चेरी मागितल्या तर टाक्यांच्या हिशोबाने बाहेरून करून घ्या. तुम्हाला हवी आहे मोटरची साधी जॅक मशीन, टेबलासकट 25-30 हजारांची. कर्जाचा हप्ता 5,100 आला असता, म्हणजे तुमची आजची बहुतेक कमाई, आणि तीन वर्षांत व्याजाचे 34-35 हजार. तेवढ्यात ही मशीन येते.

म्हणजे भिशीच्या लाखातून 25 हजार टर्म विम्याला, 30 हजार मशीनला, उरलेले 45 हजार बचत खात्यात, अडीअडचणीला. ठेव मोडायची नाही, कर्ज काढायचं नाही. पतसंस्थेची ठेव मात्र मुदत संपली की बँकेत न्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं ते पतसंस्थेला लागू नाही. आणि बँकेत गेल्यावर फक्त एफडीच करायची, दुसऱ्या कशावर सही करायची नाही. पुढे ऑर्डरी खरंच वाढल्या तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं: अवजारांसाठी 15 हजार आणि एक लाखापर्यंत 5 टक्क्यांनी कर्ज. आधार कार्ड घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात, चौकशी करा.

फ्रॉकचा भाव पुढच्या ऑर्डरीपासून 4,500 करा, नात्यातल्यांना 3,500, फुकट कुणालाच नाही. निम्मे पैसे माप घेतानाच घ्यायचे.