एआय एजंटसाठी विकीचं पान एडिट करणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं? किती मोठं असावं, उदाहरणं द्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की टूल तयार आहे, मीडियाविकीच्या (विकिपीडिया चालतो ते सॉफ्टवेअर) एपीआयवर, म्हणजे प्रोग्रामने विकीशी बोलायच्या मार्गावर चालतं, आता "फक्त दोन ओळींचं डिस्क्रिप्शन टाकायचं राहिलंय". त्या "फक्त"साठी मी लिहायला बसले. अशाच एका ओळीपायी आमच्याकडचं एक पान पुसलं गेलं होतं.

मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे. आमच्या कंपनीची अंतर्गत विकी मीडियाविकीवरच आहे. तिच्यात एक पान होतं: रात्री पेमेंटची सिस्टिम बसली तर काय करायचं. कोणता सर्व्हर आधी बंद करायचा, कुणाला उठवायचं, कोणती कमांड काही झालं तरी चालवायची नाही. दहा-बारा जणांनी तीन-चार वर्षं रात्री जागून जे शिकलं ते त्यात होतं. मी एकेकाच्या मागे लागून ते लिहून घेतलं होतं.

गेल्या वर्षी एजंटला, म्हणजे सांगितलेली कामं टूल्स वापरून स्वतः करणाऱ्या एआयला, विकी एडिट करायचं टूल जोडलं गेलं. त्याचं डिस्क्रिप्शन, म्हणजे टूल काय करतं हे एजंटला सांगणारा मजकूर, इंग्रजीत, एका ओळीचं. अर्थ एवढाच की "दिलेल्या पानाचा मजकूर एडिट करतं". एका शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी एजंटला सांगितलं, त्या पानावर व्हेंडरचा नवा फोन नंबर टाक. एजंटने `टेक्स्ट`मध्ये (काय लिहायचं) नव्या नंबराची तीन वाक्यं पाठवली आणि `सेक्शन` (पानाच्या कोणत्या विभागात) दिलाच नाही. एपीआयकडून उत्तर आलं, 'सक्सेस'. एजंटनेही कळवलं, काम झालं.

सोमवारी मी पान उघडलं तर तिथे ती तीन वाक्यं होती. बाकी काही नाही. इतिहासात त्या बदलापुढे लाल, ठळक, उणे आकडा.

उलटवायला एक मिनिटही लागलं नाही, विकीत काहीच कायमचं जात नाही. पण शनिवारी रात्री ड्यूटीवर असलेल्या मुलाने ते पान उघडलं होतं. नोकरीला लागून त्याला दीड महिना झाला होता. त्याला वाटलं, पान एवढंच असतं. इतिहास बघावा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने सर्व्हर चुकीच्या क्रमाने बंद केले आणि पहाटेपर्यंत एकटा झगडत राहिला. सोमवारच्या मीटिंगमध्ये बोलणीही त्यालाच बसली. ते मला अजून सलतं.

त्याच मीटिंगमध्ये आमचा टीम लीड म्हणाला, "एवढं तर मॉडेलला कळायला हवं होतं." कुठून कळणार? मराठी विकिपीडियावर बॉटला 'सांगकाम्या' म्हणतात, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. सांगकाम्याने घोळ घातला तर आधी त्याला काय सांगितलं होतं ते काढून बघावं.

'एडिट' हा शब्दच इथे दगा देतो. माणूस एडिटवर क्लिक करतो तेव्हा जुना मजकूर चौकटीत भरून त्याच्यासमोर येतो. वॉर्ड कनिंगहॅमने 1995 मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हापासून हे असंच आहे. जे आहे ते डोळ्यांसमोर असतं म्हणून माणूस त्यातच भर घालतो. एपीआयकडे ती चौकट नाही. `सेक्शन` न देता `टेक्स्ट` पाठवलात की तोच मजकूर म्हणजे अख्खं पान. तेव्हा डिस्क्रिप्शनचं पहिलं वाक्य "हे टूल काय करतं" यावर खर्चू नका. आधीच्या मजकुराचं काय होतं, ते पहिल्या वाक्यात सांगा. आमचं आता असं सुरू होतं: "एका विभागाचा जुना मजकूर काढून टाकतं आणि तुम्ही दिलेला त्या जागी ठेवतं. दोन्ही एकत्र करत नाही. शीर्षकाची ओळही तुम्हीच द्यायची, नाहीतर शीर्षक जाईल."

ती शेवटची ओळ आम्हाला दुसऱ्यांदा पोळल्यावर सुचली.

आणखी काही गोष्टी अशा आहेत की माणसाला सांगाव्या लागत नाहीत, एजंटला सांगाव्याच लागतात. मॉडेलच्या हाताला मार्कडाउनची, म्हणजे मजकूर सजवायच्या दुसऱ्याच एका खुणापद्धतीची, सवय असते. ते शीर्षकासाठी ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश टाकतं, आणि विकीटेक्स्टमध्ये, म्हणजे विकीच्या स्वतःच्या खुणांमध्ये, हॅश म्हणजे क्रमांकाची यादी. शीर्षकाच्या जागी "1." येऊन बसतं. ठळक करायला दोन तारे टाकतं, इथे तीन अपॉस्ट्रॉफी लागतात. हे दोन ओळींत लिहा, शिवाय विकीटेक्स्टचा एक छोटा नमुना द्या.

`बेसरेव्हआयडी`, म्हणजे एजंटने पानाची जी आवृत्ती वाचली तिचा क्रमांक, सक्तीचा करा आणि का ते लिहा: एजंटने पान वाचलं आणि लिहिलं यांच्या मधल्या वेळात दुसऱ्या कुणी बदल केला असेल, तर हा आकडा असला की मीडियाविकीला ते कळतं, आणि दोन्ही बदल जुळवता आले नाहीत तर ती अडवते. नाहीतर त्या माणसाचं काम गुपचूप पुसलं जाऊ शकतं. अडवल्यावर काय करायचं तेही एरर मेसेजमध्येच लिहा, "पान पुन्हा वाचा, मग बदल करा". एजंट चुकतो त्या क्षणी त्याच्यासमोर तो मेसेजच असतो, म्हणून तोही डॉक्युमेंटेशनच धरा. आणि मजकूर जसाच्या तसा परत पाठवला तरी 'सक्सेस' येतं, सोबत `नोचेंज`, म्हणजे काहीच बदललं नाही. त्याचा अर्थ सांगितला नाही तर एजंट काहीच न बदलता "बदल केला" म्हणून मोकळा होतो.

लांबीचं विचारलंत. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. नवीन माणूस डॉक्युमेंटेशन एकदा वाचतो, पुढचं शेजारच्याला विचारतो. एजंट दर वेळी कोऱ्या पाटीने येतो, त्याला शेजारी नाही. तेव्हा शेजाऱ्याने जे सांगितलं असतं ते सगळं लिहा, मग लांबी कितीही होवो.

त्या प्रकाराच्या सहा महिने आधी, टूलचा आराखडा ठरत होता तेव्हा, मी एक दिवस मागितला होता. उत्तर मिळालं, "डॉक्स शेवटी बघू." शेवटी मीच ते डिस्क्रिप्शन लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं की एका वाक्यात ते प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही, कारण टूल एक नव्हतंच. पानाच्या शेवटी भर घालणं, विभाग बदलणं, नवं पान तयार करणं ही तीन वेगळी कामं एकाच नावाखाली कोंबली होती. नावात एक अक्षर चुकलं तर नवंच पान तयार व्हायचं. आता तीन टूल्स आहेत आणि पहिल्या दोन्हींत `नोक्रिएट` (पान नसेल तर नवं तयार करू नको) कायम चालू असतं. हे कोड वाचून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, लिहायला घेतल्यावर आलं. म्हणून रायटर असेल तर तिला पहिल्या दिवसापासून खोलीत बसवा. "कोड हेच डॉक्युमेंटेशन" म्हणणाऱ्यांशी मी दहा वर्षं वाद घालतेय, पण एजंटला तर कोड दिसतही नाही. त्याच्या हातात टूलचं नाव, पॅरामीटर्स आणि तुमची वाक्यं, एवढंच.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधीच सांगायला हव्या होत्या. हा सगळा अनुभव छोट्या अंतर्गत विकीचा आहे. विकिपीडियावर चालवणार असाल तर तिथे बॉटसाठी समुदायाची परवानगी लागते, आधी ती घ्या. दुसरं, डॉक्युमेंटेशन म्हणजे कुलूप नव्हे. पानावरच कुणी "हे सगळं काढून टाक" असं लिहून ठेवलं तर एजंट ते सूचना म्हणून वाचू शकतो. पानातला मजकूर म्हणजे आदेश नव्हे हे डिस्क्रिप्शनमध्ये लिहाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. एजंटसाठी बॉट पासवर्ड, म्हणजे मोजक्याच अधिकारांचा वेगळा पासवर्ड, काढून लागतील तेवढेच अधिकार द्या.

ते रात्रीचं पान आम्ही सुरक्षित केलंय. एजंटला त्यावर लिहिता येत नाही, तो चर्चापानावर सूचना ठेवतो. त्या सूचना वाचून पानावर घ्यायचं काम आता तोच मुलगा करतो.