संपकाळात एसटीच्या किमान फेऱ्या चालवण्याची कायदेशीर सक्ती असावी का?

असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एसटीत 31 वर्षे वाहक म्हणून काढल्यावर मी हे लिहीत आहे.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला संप, उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर होण्याची मुदत दिल्यावर मिटला. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. धाकटा भाऊ मात्र चालक होता आणि आगाराच्या फाटकासमोर मंडपात बसत होता. आमच्या गावची मुक्कामी गाडी सकाळी सहाला सुटत असे आणि तिच्यातून मुली तालुक्याच्या शाळेत जात. शेजारची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. दप्तरात मोफत पास असूनही ती वडापच्या जीपमागे, एक पाय पायरीवर टेकवून, शिडी धरून उभ्याने जाताना मी पाहिली. परतीचे वीस रुपये नसले की ती नऊ किलोमीटर चालत येई.

संक्रांतीला भाऊ घरी आला, तेव्हा मी म्हणालो, "सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी सोडा, बाकी संप खुशाल चालू द्या." तो म्हणाला, "दादा, एक गाडी फाटकाबाहेर पडली की संप फुटला. तू आयुष्यभर तिकिटे फाडलीस, हातात काय उरले ते सांग." पगाराबाबत त्याचे म्हणणे खरे होते, गाडीबाबत नव्हते.

आपला मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांसाठीचा राज्याचा कायदा, सरकारला संपालाच बंदी घालू देतो; कोणती गाडी सोडल्याने संप फुटत नाही, हे तो सांगत नाही. इटलीत 1990 च्या कायद्यानुसार संपाची किमान 10 दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 या वेळात प्रादेशिक रेल्वेच्या ठरलेल्या गाड्या धावतात. त्या चालवणाऱ्याला तिथे कोणी फितूर म्हणत नाही.

मात्र अशा गाड्यांची यादी संघटनांशी बोलून, संप नसतानाच ठरली पाहिजे. कोणी कामावर यायचे हे मालकाने ठरवायचे, असा कायदा ब्रिटनने 2023 मध्ये केला आणि पुढे तो रद्दही केला. तसली सक्ती मला मान्य नाही. आमच्या गावापुरत्या त्या यादीत दोनच ओळी लागल्या असत्या, सकाळी सहाची गाडी आणि साडेपाचची परतीची, आणि त्या चालवून भाऊ पुन्हा मंडपात जाऊन बसला असता.